कुत्र्याची मौत

माझी आजी फार रागावली की एकच शाप द्यायची. भाडं बुडवून पळालेल्या पोटभाडेकऱ्याला, गिरणीतल्या मुकादमाला, एकदा तर रेडिओवर भाषण करणाऱ्या कुणा मंत्र्यालाही: "मेल्या, कुत्र्याच्या मौतीनं मरशील!" लहानपणी वाटायचं, या मौतीत काहीतरी भयंकर गुपित असणार. पुढे कळलं, गुपित कसलं आलंय. रस्त्याच्या कडेला, कुणाचं लक्ष नसताना जीव जातो आणि सकाळी महापालिकेची गाडी येते. लालबागच्या गल्लीत उभा जन्म काढलेल्या बाईनं ते शेकडो वेळा पाहिलं होतं. मरणांच्या उतरंडीत तिनं ते सगळ्यात खाली ठेवलं, ते काही पुस्तकं वाचून नव्हे.

आमची ठकी २०२४ च्या फेब्रुवारीत गेली. घरातल्या गादीवर, माझ्या मांडीवर डोकं ठेवून, दुपारी सव्वातीन वाजता. वेळ इतकी नेमकी सांगता येते, कारण ती मीच ठरवली होती. आधी गुंगीचं इंजेक्शन, मग शिरेतून भुलीच्याच औषधाचा जड डोस. डोळे मिटणार नाहीत, घाबरू नका, असं डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं. मिटले नाहीत.

नंतरच्या आठवड्यात मला दोन प्रकारची माणसं भेटली. एकांच्या मते मी पाप केलं. देवानं दिलेला जीव देवानंच न्यायचा. दुसऱ्यांच्या मते मी तिला सोडवलं, पुण्यच पदरात पाडून घेतलं. पहिल्यांचा राग आला नाही, दुसऱ्यांचा थोडा आला. पुण्य वगैरे काही नव्हतं. २०११ साली मी एक खातं उघडलं होतं, त्यातली शेवटची नोंद माझ्याच हातानं व्हायची होती, आणि ती करायला मी उशीर केला. मला म्हणायचं आहे ते एवढंच, पण ते नीट म्हणायला थोडं लांबून यावं लागेल.

२०११ च्या जूनमध्ये, पहिल्या मोठ्या पावसाच्या दुसऱ्या दिवशी, ती भाजीच्या टेम्पोखाली दिसली. तीनेक महिन्यांची असेल. मागचा एक पाय चाकाखाली आलेला, अंगावर गोचिड इतके की कानाचा मूळ रंग कळेना. नवऱ्यानं पोत्यात गुंडाळली आणि आम्ही परळ गाठलं. बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचं जनावरांचं इस्पितळ तिथं एकोणिसाव्या शतकापासून आहे, पण हे नाव टॅक्सीवाल्याला सांगून उपयोग नाही. बैलघोडा हॉस्पिटल म्हटलं की तो मीटर टाकतो. पाय वाचला, बोटभर आखूड राहिला. "आता हिला सोडणार कुठे?" असं तिथल्या माणसानं विचारलं तेव्हा आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. सोडायला जागा होती ती टेम्पोखालचीच.

'रेस्क्यू' हा शब्द तेव्हा आमच्या गल्लीत पोचलेला नव्हता. शेजारी म्हणायचे, "यांनी कुत्री उचलून आणलीय." मला अजूनही तोच शब्द बरा वाटतो. रेस्क्यू म्हटलं की वाचवणाऱ्याची छाती फुगते. उचलण्यात तसं काही नाही. उलट उचललेली वस्तू कुठेतरी ठेवावी लागते हे त्या शब्दातच आहे. आणि 'इंडी' हा नवा शब्दही मला झेपत नाही. ठकी गावठी होती. बागेत लोक विचारायचे, कुठली ब्रीड? मी गावठी म्हणायचे आणि त्यांचा पुढचा प्रश्न घशातच राहायचा.

आता तुम्हीच आठवून बघा, रस्त्यावरचं म्हातारं कुत्रं तुम्ही शेवटचं कधी पाहिलंत? तोंडाभोवती पांढरं झालेलं, डोळ्यांत निळसर झाक आलेलं? असतात एखाददुसरी, पण ती कुठल्या तरी चहावाल्याच्या नाहीतर वॉचमनच्या आश्रयाला असतात. कोलकात्याच्या आयसर संस्थेतल्या संशोधकांनी २०१६ साली मोकाट कुत्र्यांच्या ३६४ पिल्लांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सात महिन्यांची होईपर्यंत त्यातली जेमतेम १९ टक्के उरली होती, आणि जी गेली त्यातल्या ६३ टक्क्यांच्या जाण्यात या ना त्या प्रकारे माणसाचा हात होता. रस्त्यावरच्या कुत्र्याच्या ताटात म्हातारपण वाढलेलंच नसतं.

ते आम्ही ठकीला वाढलं. दर वर्षी रेबीजची लस, जंताचं औषध, वेळेवर नसबंदी, मे महिन्यात पंखा, थंडीत गोधडी, रविवारी मांदेलीची डोकी. तेरा वर्षं. किडन्या निकामी व्हायला आधी तेवढी वर्षं चालाव्या लागतात. मोतीबिंदू, आखडलेले सांधे, मध्यरात्री उठून भिंतीकडे तोंड करून उभं राहणं, हे सगळं आमच्याच देणगीबरोबर आलं. म्हणून "निसर्गाला त्याचं काम करू दे" असं कुणी म्हटलं की मला हसू येतं. निसर्गानं त्याचं काम २०११ च्या जूनमध्येच आटोपत आणलं होतं. आम्ही ते त्याच्या हातातून काढून घेतलं, तेरा वर्षं मिरवलं, आणि अवघड भाग आला तेव्हा म्हणायचं, घे बाबा, तुझं तू बघ?

आमच्या मजल्यावरच्या जैन काकूंनी मात्र निसर्गाचं नाव घेतलं नाही. त्यांनी हात जोडले आणि म्हणाल्या, "कोणाचाही जीव घ्यायचा हक्क आपल्याला नाही, बेटा." हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. या देशात त्यावर झालेला सगळ्यात सरळ वाद जवळजवळ शंभर वर्षांपूर्वीचा आहे, आणि तो काकूंच्याच गुजरातेत झाला. १९२६ साली अहमदाबादचे गिरणीमालक अंबालाल साराभाई यांनी आवारात गोळा झालेली साठेक मोकाट कुत्री पिसाळण्याच्या भीतीपोटी मारवली. दुसरा इलाज काय होता, असं गांधीजी म्हणाले, आणि त्या एका वाक्यापायी त्यांना 'यंग इंडिया'त लेखामागून लेख लिहावे लागले. दोन वर्षांनी, १९२८ मध्ये, साबरमतीच्या आश्रमातलं एक वासरू असाध्य दुखण्यानं तळमळत होतं. कूस बदलणंही त्याला सोसवत नव्हतं. गांधीजींनी डॉक्टर बोलावून आपल्या समक्ष त्याला विषाचं इंजेक्शन देववलं. दोन मिनिटांच्या आत सगळं संपलं. संतापाची पत्रं मात्र बरेच दिवस येत राहिली.

लोक हे दोन्ही प्रसंग एकाच पिशवीत टाकतात: बघा, अहिंसेच्या पुजाऱ्यानंही मारायला परवानगी दिली. मला त्यांत जमीन-अस्मानाचं अंतर दिसतं. कुत्री मारली ती माणसांसाठी. वासरू मारलं ते वासरासाठी. पहिलं काम कदाचित करावंच लागलं असेल, पण त्याची नोंद स्वसंरक्षणाच्या वहीत व्हावी. दयेच्या वहीत त्याला जागा नाही. आज मोकाट कुत्र्यांवरून आपण एकमेकांच्या उरावर बसतो ते भांडण त्या पहिल्या वहीतलं आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानं आधी दिल्ली आणि आसपासची कुत्री उचलून निवाऱ्यांत ठेवा म्हटलं, आणि अकरा दिवसांत तो आदेश बदलून, पिसाळलेली आणि हिंस्र सोडून बाकीची नसबंदी-लसीकरण करून होती तिथं सोडा म्हटलं. चावा घेतलेल्या मुलाची आई आणि कुत्र्यांना बिस्किटं घालणारी बाई, दोघींचं म्हणणं मला कळतं. पण तो वेगळा लेख.

माझ्या कामाचा आहे तो गांधीजींच्या दोन प्रसंगांतून हाती लागणारा प्रश्न: कुणासाठी? मारण्याच्या बाबतीत हा प्रश्न सगळेच विचारतात. न मारण्याच्या बाबतीत कुणी विचारत नाही. जगवणं म्हणजे आपोआपच भलं, असं आपण धरून चालतो. मी धरून चालले होते.

जानेवारीच्या शेवटी रक्ताचा रिपोर्ट आला तेव्हा डॉक्टरांनी क्रिएटिनिनच्या आकड्याभोवती पेनानं गोल केला आणि काही बोलले नाहीत. रोज कातडीखाली सलाइन द्यायला मी शिकले. मानेमागची कातडी चिमटीत उचलायची, सुई घालायची, पाणी हळूहळू गळवासारखं फुगून येतं. पहिले काही दिवस तिला बरं वाटायचं. मग मांदेलीचा वास घेऊन ती तोंड फिरवू लागली. तोंडात फोड आले, श्वासाला उग्र दर्प आला. मागचे पाय उचलेनात. तेरा वर्षांत तिनं घरात कधी घाण केली नव्हती. आता झोपेत व्हायची, आणि जाग आली की ती त्या ओल्या गादीवरून सरकायचा प्रयत्न करायची. ते सरकणं मला अजून दिसतं. डॉक्टर म्हणाले, "आता तुम्ही सांगा."

मी नऊ दिवस काही सांगितलं नाही.

त्या नऊ दिवसांची कारणं माझ्याकडे होती. शनिवारी पुतणी पुण्याहून येणार होती, तिला भेटू दे. काल दोन चमचे दही चाटलं, म्हणजे अजून इच्छा आहे. शुक्रवारी अमावास्या. एकदा शेपटी हलली. प्रत्येक कारण प्रेमाचं होतं, आणि एकही तिच्यासाठी नव्हतं. ती नऊ दिवस माझ्यासाठी जगली. हे लिहायला सोपं नाही, म्हणून पुन्हा एकदा लिहिते: मी ते दिवस तिच्या अंगातून काढून घेतले. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात दुःखात पडलेल्या जनावराबद्दल तरतूद आहे, आणि तिथं कसोटी अशी आहे की त्याला जिवंत ठेवणं क्रूरपणाचं ठरेल का. जिवंत ठेवणंही क्रौर्य असू शकतं, हे कायद्याला माहीत होतं.

इथं खरा अवघड आक्षेप येतो. तो मला कुणी घेतला नाही, माझा मीच घेतला. ठकीला विचारलं कुणी?

स्वतःचं मरण स्वतः निवडणाऱ्यापुढे आपली परंपरा मान लववते. आळंदीची समाधी आपण संजीवन म्हणतो. १९६६ साली सावरकरांनी अन्नपाणी आणि औषधं सोडली, १९८२ साली पवनारला विनोबांनी. दोघांच्या विचारांत दोन ध्रुवांचं अंतर, पण शेवट सारखा, आणि त्या शेवटाबद्दल महाराष्ट्रात आदरच आहे. तो आदर निवडीचा आहे. दुसऱ्याच्या मरणाची निवड आपण करायची म्हटली की तीच परंपरा गप्प होते. आणि ते बरोबरच आहे. बैलघोडा हॉस्पिटलपासून केईएम चालत जाण्याच्या अंतरावर आहे. तिथल्या परिचारिका अरुणा शानबाग १९७३ च्या हल्ल्यानंतर बेचाळीस वर्षं खाटेवर होत्या. त्यांना मरण द्यावं अशी याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली, आणि २०११ च्या मार्चमध्ये न्यायालयानं ती नाकारली. केईएमच्या परिचारिकांनी त्यांना इतकी वर्षं जपलं होतं, आणि आमच्या अरुणाला जगू द्या असं म्हणण्याचा अधिकार त्यांनी त्या सेवेतून कमावला होता. २०१५ साली न्यूमोनियानं त्या गेल्या. आम्ही ठकीला उचललं ते याच निकालानंतर तीन महिन्यांनी. एकाच परळात दोन इस्पितळं, आणि शेवटाचे दोन कायदे.

मग माणसाबाबत जे करू नये ते कुत्रीबाबत का करावं? तिचा जीव स्वस्त म्हणून, हे उत्तर मला मान्य नाही. तसं असतं तर तिला टेम्पोखालीच राहू दिलं असतं.

माझं उत्तर असं. माणूस आपलं आयुष्य थोडंफार तरी स्वतः चालवतो, म्हणून त्याच्या शेवटाबाबत त्याचा शब्द लागतो. तो बोलू शकत नसेल तर आपण थांबतो, कारण एके काळी तो बोलत होता आणि काय बोलला असता ते आपल्याला नक्की सांगता येत नाही. ठकीच्या बाबतीत संमती कुठल्याच पायरीवर नव्हती. उचलताना तिला विचारलं नाही. तेव्हा तर ती नवऱ्याच्या मनगटाला चावली होती. गर्भाशय काढताना विचारलं नाही. पट्टा, लस, आंघोळ, दिवाळीच्या रात्री बाथरूममध्ये कोंडणं, काय खायचं, केव्हा बाहेर जायचं, कुणाशी खेळायचं: तेरा वर्षं सगळे निर्णय माझे. आणि शेवटच्या एका निर्णयाला मी अचानक म्हणणार, छे, हा तिचा आहे, मी कोण? हे नम्रतेसारखं दिसतं. खरं तर ही पळवाट आहे. जिच्या आयुष्यातलं प्रत्येक दार मी उघडलं आणि बंद केलं, तिच्या शेवटच्या दारापाशी हात मागे घेणं हा तिच्या स्वातंत्र्याचा आदर होत नाही. तो फक्त माझ्या हातांचा सोवळेपणा.

माझी आई चौऱ्याऐंशीची आहे. ठकीच्या निर्णयाला तिचा विरोध होता, आणि त्या दुपारी ती देवघरात जाऊन बसली. महिन्याभरानं भाजी निवडता निवडता म्हणाली, "त्या डॉक्टरांचा नंबर माझ्या वहीत लिहून ठेव हो." मी हसले. ती हसली नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानंतर तिला आपला शेवट कसा हवा, निदान कृत्रिम उपचार कुठवर हवेत, हे आधी लिहून ठेवता येतं. आम्ही त्यावर अजून बोललेलो नाही. ठकीसाठी नऊ दिवस लावणारी बाई आईसाठी किती वर्षं लावेल, कोण जाणे.

या युक्तिवादाला एक घातक धार आहे, तीही सांगायला हवी. निर्णय पाळणाऱ्याचा असं एकदा म्हटलं की सोयीला दयेचा झगा घालणारे लगेच रांगेत उभे राहतात. नव्या फ्लॅटमध्ये कुत्रं चालत नाही, मुलगा अमेरिकेला बोलावतो आहे, औषधांचा खर्च परवडत नाही. यांतला शेवटचा माणूस सोडला तर कुणाबद्दलही मला सहानुभूती नाही. आमच्या डॉक्टरांनी सांगितलं की चालत्या-फिरत्या कुत्र्याला 'झोपवा' म्हणणारी माणसं त्यांच्याकडे येतात आणि ते त्यांना दार दाखवतात. झोपवणं हा शब्दही इथूनच बिघडला. मी तो वापरत नाही. ठकीला मी तेरा वर्षं झोपवत होते, ती सकाळी उठायची.

याच संदर्भात एक कोरडा सरकारी नियम मला फार आवडतो. मोकाट कुत्र्यांच्या संततिनियमनासाठी २००१ साली केंद्रानं नियम केले, २०२३ साली त्यांच्या जागी नवे आले. असाध्य आजारी किंवा मरणोन्मुख जखमी कुत्र्याला वेदनारहित मरण कसं द्यावं, ते २००१ च्या नियमांत होतं. औषध, डॉक्टर, वेळ, सगळं लिहिल्यावर नियम सांगत होता की कुठल्याही कुत्र्याला दुसऱ्या कुत्र्यासमोर मारू नये. कुणा अधिकाऱ्यानं हे वाक्य मसुद्यात घातलं असेल, त्याला मला भेटायचं आहे. मरणाऱ्याच्या वेदनेचा विचार कुणीही करेल. बघणाऱ्याच्या भीतीचा विचार त्यानं केला.

आपल्या कथांना असा विचार सुचत नाही. कुत्र्यानं माणसासाठी काय केलं, एवढंच त्यांना सांगायचं असतं. रायगडावर वाघ्याचं स्मारक आहे, १९३६ साली उभारलेलं. शिवाजी महाराजांच्या चितेत या कुत्र्यानं उडी घेतली या कथेला इतिहासाचा आधार नाही म्हणून २०१२ साली काहींनी पुतळा काढला, तो पुन्हा बसवला गेला, वाद अजून चालू आहे. इतिहास बाजूला ठेवला तरी कथेची मागणी बघा: कुत्रं धन्यासाठी मरतं. मुंबईच्या पारशांत सगदीदचा विधी आहे, त्यात मृत माणसाच्या देहावर कुत्र्याची नजर पडू देतात. तिथंही निरोप देणारं कुत्रं. (त्या श्रद्धेला ते जागलेही. १८३२ च्या जूनमध्ये कंपनी सरकारनं बक्षीस लावून कुत्री मारायला घेतली तेव्हा पारशांनी मुंबई बंद पाडली होती.) आणि युधिष्ठिर? कुत्र्याला टाकून स्वर्गात येणार नाही म्हणणारा तो एकटाच, म्हणून सांत्वनाला आलेल्या चौघांनी मला त्याची आठवण करून दिली. पण महाभारतालाही शेवटी धीर झाला नाही. ते कुत्रं यमधर्म निघालं. साधं, खरुज झालेलं, गावठी कुत्रं स्वर्गाच्या दारात शिरलं असं लिहायला व्यासांचीही लेखणी अडली.

माझी कथा जर्मनीतली आहे. बॉनजवळच्या ओबरकासेलला १९१४ साली खाणीत एक जुनं दफन सापडलं: एक पुरुष, एक बाई आणि एक कुत्रं, सुमारे चौदा हजार वर्षांपूर्वीचं. पुढे त्या कुत्र्याच्या दातांचा अभ्यास झाला. ते जेमतेम सात महिन्यांचं पिल्लू होतं आणि त्याला बहुधा डिस्टेंपर झाला होता. तो रोग एकदा उलटत, पुन्हा उलटत आठवडेच्या आठवडे चालतो, आणि कुणी पाणी पाजल्याशिवाय, ऊब दिल्याशिवाय पिल्लू तेवढं तगत नाही. ते शिकारीच्या उपयोगाचं नव्हतं, राखणीच्याही नव्हतं. तरी कुणीतरी त्याच्यापाशी बसलं होतं. वाघ्या आणि धर्मराजाच्या कुत्र्यापेक्षा हजारो वर्षं आधी ही हकीकत हाडांत लिहिली गेली, आणि तीत कुत्र्याची निष्ठा कुठेच नाही. आजारी पिल्लू आहे आणि रात्री उठणारं कुणीतरी माणूस.

सुतक नव्हतं, तेरावा नव्हता, हपिसात रजेचं कारण लिहिताना मी 'घरगुती' लिहिलं. मालाडला कोंडवाड्याच्या जागेत महापालिकेनं २०२३ साली पाळीव प्राण्यांसाठी गॅसवर चालणारी दाहिनी सुरू केली, हे बरं झालं. तिच्या जुन्या गोधडीत गुंडाळून आम्ही तिला टॅक्सीनं घेऊन गेलो. टॅक्सीवाल्यानं आधी नाही म्हटलं, मग गोधडीकडे बघितलं आणि डिकी न उघडता मागचं दार उघडलं.

दाहिनीपाशी एक पोरगेलासा माणूस नोंदवही घेऊन बसला होता. नाव? ठकी. नर की मादी? जात? मी गावठी म्हणाले, त्यानं लिहिलं. कारण?

"म्हातारपण," मी म्हणाले.

त्यानं पेन थांबवून वर पाहिलं. "गावठी ना?"

"हो."

"नाही, ठीक आहे," तो म्हणाला आणि लिहायला लागला. "पहिलीच लिहितोय तशी."